हलका बार वजाबाकीने होत नाही

हॉलिवूडच्या जुन्या काउबॉयपटांत घोड्यावरच्या नायकाच्या हातात एक रायफल हमखास असते. चापाभोवतीची कडी खाली ओढून पुन्हा वर केली की रिकामी पुंगळी उडून बाहेर पडते आणि नवे काडतूस नळीत चढते. ही लेव्हर ॲक्शन रायफल आता संग्रहालयातच पाहायला मिळत असेल असे आपल्याला वाटते, पण अमेरिकेत ती आजही लाखो घरांत आहे. जॉन ब्राउनिंगने आखलेले विंचेस्टरचे १८९४ सालचे मॉडेल एकटेच सत्तर लाखांहून अधिक बनले. मार्लिन कंपनीचे ३३६ हे मॉडेल १९४८पासून त्याच्या जोडीला आहे. दोघांचेही नेहमीचे काडतूस म्हणजे १८९५ साली बाजारात आलेले थर्टी-थर्टी. नावातला पहिला तीस नळीच्या व्यासाचा, इंचाच्या शंभराव्या हिश्शांत मोजलेला. दुसरा तीस मूळच्या दारूच्या वजनाचा, ग्रेनमध्ये मोजलेला. अकरा ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ६७० मीटर वेगाने फेकणारे हे काडतूस हरणाच्या शिकारीसाठी केलेले आहे, आणि त्या कामाला ते सव्वाशे वर्षे पुरून उरले आहे. अडचण एवढीच की शिकारीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, त्यात बार झडणार दोन-चार. बाकीचे वर्षभर रायफल कपाटात पडून राहते, कारण तिचा धक्का खांद्याला जाणवतो, आवाज दूरवर जातो आणि प्रत्येक काडतुसाला मोजावे लागणारे पैसे तर त्याहून आधी जाणवतात.

म्हणून अशा रायफलींचे बरेच मालक घरीच हलकी काडतुसे भरतात. शिसे वितळवून गोळी ओतायची, वापरलेल्या पुंगळीत नवा प्रायमर बसवायचा, दारू थोडी घालायची आणि रिकामे डबे किंवा पोलादी तबकड्या मांडून दुपारभर नेमबाजी करायची. तिकडे याला प्लिंकिंग म्हणतात. ऐकायला हा पोरखेळ वाटतो: पूर्ण ताकदीच्या काडतुसातून थोडी ताकद काढून घेतली की झाले. माझे म्हणणे असे, की या खेळातल्या बहुतेक चुका नेमक्या या समजुतीतून निघतात. भारी बारातून काही वजा करून हलका बार मिळत नाही. तो पहिल्यापासून वेगळा बांधावा लागतो. त्याची दारू वेगळी, धातू वेगळा, जपायची जागाही वेगळी. वजाबाकीच्या वाटेने जाणाऱ्याची नळी शिशाने माखते, नेम हुकतो आणि एखाद्या वेळी रायफलच फुटते.

काडतुसाचे भाग चार: पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला ठिणगी देणारा प्रायमर, दारू आणि तोंडाशी गोळी. बार उडाला की पुंगळी तेवढी हाती उरते, आणि बहुधा सर्वांत महाग भाग तोच असतो. ती साच्यात दाबून मूळ मापावर आणली की पुन्हा भरता येते. बाजारातल्या थर्टी-थर्टीच्या गोळीत आत शिसे असले तरी वर तांब्याच्या मिश्रधातूचे कवच असते, कारण सेकंदाला सहा-सातशे मीटर वेगाला उघडे साधे शिसे नळीत टिकत नाही. वेग निम्म्यावर आणला की कवचाची गरज संपते. ९.७ ग्रॅमची ओतीव गोळी ध्वनीच्या वेगाच्या जरा खाली, सेकंदाला ३३५ मीटरने सोडली तर तिच्यात सुमारे ५४५ जूल ऊर्जा असते. पूर्ण ताकदीच्या बारात ती २,४५० जुलांच्या आसपास भरते. म्हणजे वेग अर्धा झाला तर ऊर्जा पाव हिश्श्याच्याही खाली येते. खांद्याला बसणारा धक्का मग नावापुरता राहतो, आणि दहा-बारा वर्षांचा मुलगाही मोठ्यांच्या देखरेखीखाली ती रायफल न बिचकता चालवू शकतो.

इथपर्यंतचा हिशेब वजाबाकीचाच आहे आणि तो बरोबर आहे. तो बिघडतो दारूपाशी. धूरविरहित दारू उघड्यावर पेटवली तर नुसती भसभसून जळते. तिला जोर येतो तो कोंडल्यावर. दाब वाढला की ती झपाट्याने जळते आणि झपाट्याने जळली की दाब आणखी वाढतो. रायफलीची दारू मुद्दाम संथ जळणारी केलेली असते. पुंगळी बरीचशी भरलेली असेल, पुढे जड गोळी अडून बसलेली असेल आणि त्यामुळे हवा तो दाब तयार होईल, हे तिथे गृहीत धरलेले असते. थर्टी-थर्टीसाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली कमाल मर्यादा चौरस इंचाला ४२,००० पौंड आहे, आणि त्या दारूचे काम त्या पट्ट्यातच नीट चालते. माप अर्धे केले की गृहीतच मोडते. दाब चढत नाही, दारू अर्धवट जळते, तिचे न जळलेले कण नळीत आणि यंत्रणेत सांडतात, प्रत्येक बाराचा वेग निराळा येतो आणि कधीतरी गोळी नळीच्या मध्यावरच थांबते. नुसता फुस्स आवाज आला, धक्का बसला नाही, तरी सवयीने कडी ओढून पुढचा बार टाकला तर अडकलेल्या गोळीवर दुसरी आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. लेव्हर ॲक्शन रायफल चटचट बार टाकण्यासाठीच बनलेली, त्यामुळे ही सवय तिच्या मालकाला लवकर लागते. कवच असलेली गोळी नळीला जास्त घासते, म्हणून अगदी हलक्या बारात तीच आधी अडकते. शिशाची त्यामानाने सहज सरकते. संथ दारूच्या तुटपुंज्या मापाचा आणखी एक परिणाम नोंदला गेला आहे. मोठ्या पुंगळीत ती फारच थोडी घातली असता दाब घटण्याऐवजी अचानक भयंकर वाढल्याच्या आणि त्यात रायफली फुटल्याच्या घटना आहेत. यामागच्या कारणाबद्दल जाणकारांत एकमत नाही. दारूचे उत्पादक कारण सिद्ध होण्याची वाट न पाहता, काही दारूंचे माप किमान मर्यादेखाली नेऊ नका असे बजावून छापतात. कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित, हे सोपे समीकरण इथे चक्क खोटे ठरते.

उपाय म्हणजे दारूची जातच बदलणे. पिस्तुलासाठी किंवा छऱ्याच्या बंदुकीसाठी केलेली, वेगाने जळणारी दारू थोड्या मापातही आणि कमी दाबालाही पूर्ण जळते. ‘युनिक’ नावाची दारू १९००पासून विकली जाते आणि या कामासाठी तिचे नाव जवळजवळ तेव्हापासून घेतले जाते. पण इथे एक नवीच जोखीम उभी राहते, आणि मला वाटते या सगळ्या विषयात तीच सर्वांत गंभीर आहे. वेगवान दारूचे योग्य माप थर्टी-थर्टीच्या पुंगळीत तळाशी कुठेतरी पडून राहते. चुकून त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडले, अगदी तिसऱ्यांदा पडले, तरी ते सांडत नाही. गोळी बसवल्यावर तर बाहेरून काहीच ओळखू येत नाही. भारी बारात दुप्पट दारू पुंगळीत मावतच नाही, टेबलावर ओघळते, म्हणजे तो बार स्वतःच आपला पहारा करतो. हलक्या बारात पहारा माणसाला करावा लागतो. दारू घातलेल्या सगळ्या पुंगळ्या भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात ओळीने उभ्या करायच्या, विजेरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावून पातळी सारखी आहे ना ते पाहायचे, आणि त्यानंतरच पहिली गोळी बसवायची. हे काम करताना रेडिओ बंद ठेवावा असे जुने लोक सांगतात. आता फोन बंद ठेवावा असे म्हणावे लागेल. २००० नंतरच्या दशकात ‘ट्रेल बॉस’ नावाची, मधे भोक असलेल्या बारीक चकत्यांची फुगीर दारू आली ती नेमकी या दुखण्यावर. वजनाने थोडी घातली तरी ती पुंगळीचा बराच भाग व्यापते. दुसऱ्या मापाला जागा उरू नये ही त्यातली युक्ती.

पुंगळीतल्या रिकाम्या जागेचा आणखी एक त्रास आहे. रायफल आडवी धरली की थोडीशी दारू पुंगळीच्या तळावर लांबवर पसरते. नेम धरण्याआधी नळी वर केलेली असेल तर ती मागे प्रायमरजवळ गोळा होते, खाली केलेली असेल तर पुढे गोळीपाशी जाते. ठिणगी तिला कशी भेटते यावर वेग बदलतो. काही जण दारू जागेवर राहावी म्हणून तिच्यावर पॉलिस्टरच्या कापसाचा पुंजका ठेवतात. त्याने वेग सारखे येतात हे खरे, पण अशा भरावामुळे नळीचा मागचा भाग कड्यासारखा फुगल्याची उदाहरणेही सांगितली जातात आणि त्यावरचा वाद मिटलेला नाही. पन्नास मीटरवरच्या डब्यासाठी तो धोका पत्करण्यात मला अर्थ दिसत नाही. दारूच अशी निवडावी की तिला जागेचा फारसा फरक पडू नये.

आता गोळी. इथे रूढ समजूत आणि वस्तुस्थिती यांतले अंतर सर्वांत मोठे आहे. शिसे नळीला चिकटते, शिसे मऊ असते, तेव्हा गोळी जितकी कडक तितके बरे, असा तर्क नवखा माणूस करतो, आणि गोळ्या विकणारेही कडकपणाची जाहिरात करतात. कडकपणा ब्रिनेल मापात मोजतात. शुद्ध शिशाचा आकडा पाचाच्या आसपास. नव्वद भाग शिसे, पाच भाग कथील आणि पाच भाग अँटिमनी असे मिश्रण केले की तो पंधरापर्यंत जातो. जुन्या छापखान्यांत लायनोटाइप यंत्रावर मजकुराच्या ओळी ज्या धातूतून ओतल्या जात, त्यात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असे, आणि त्याचा आकडा बाविसाच्या घरात. ती यंत्रे मोडीत निघाली तेव्हा अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांनी त्यांचा धातू आनंदाने घरी नेला. एके काळच्या बातम्यांचे धातू असे डब्यांना भोके पाडण्याच्या कामी आले. भारी बारासाठी तो धातू उत्तमच आहे. हलक्या बारात तोच घात करतो. का, ते पाहण्यासाठी नळीच्या आत जावे लागेल. नळीत सर्पिल चर कोरलेले असतात आणि त्यांत धरली जाऊन गोळी स्वतःभोवती फिरते. गोळी चरांत घट्ट बसली नाही, केसाएवढी फट राहिली, तरी मागचा तापलेला वायू त्या फटीतून पुढे निसटतो, जाताना शिशाची कड कापतो आणि ते शिसे नळीला लेपासारखे बसते. मऊ गोळी मागून दाब आला की किंचित फुगते आणि फट स्वतःच बुजवते. कडक गोळी फुगत नाही. कोणती गोळी किती दाबाला फुगेल याचा एक ढोबळ ठोकताळा आहे: ब्रिनेल आकड्याला १,४२२ ने गुणावे, येईल तो चौरस इंचावरचा दाब पौंडांत. लायनोटाइपच्या गोळीसाठी हे उत्तर ३१,००० पौंडांच्या पुढे जाते. हलक्या बाराचा दाब त्याच्या बराच खाली असतो. दहा ब्रिनेलच्या गोळीला मात्र चौदा-साडेचौदा हजार पुरतात. ठोकताळा काटेकोर नाही, पण दिशा बरोबर दाखवतो. कडक गोळी आणि हलका बार ही जोडी नळी घाण करते आणि मालक दोष देतो तो शिसे मऊ असण्याला.

मात्र फट मुळात राहूच न देणे हा त्याहून खात्रीचा इलाज, आणि तो मापाचा आहे. थर्टी-थर्टीच्या नळीचा चरांतला व्यास नावाला ०.३०८ इंच. कवचवाली गोळी त्याच मापाची असते. ओतीव गोळी त्याहून इंचाच्या एक-दोन हजारांशांनी जाड ठेवतात, म्हणजे ०.३०९ किंवा ०.३१०. प्रत्यक्ष नळी नावाप्रमाणे असेलच असे नाही, म्हणून मऊ शिशाचा एक तुकडा नळीतून हळूहळू ठोकून पार करायचा आणि त्यावर उमटलेले माप मायक्रोमीटरने घ्यायचे. मार्लिनने १९५०च्या दशकात मायक्रोग्रूव्ह नावाचे नवे रायफलिंग आणले, त्यात चर संख्येने जास्त पण उथळ होते. या नळ्यांत ओतीव गोळी चालतच नाही, अशी समजूत लगेच पसरली आणि पुढे वर्षानुवर्षे टिकली. मोजून पाहणाऱ्यांना वेगळेच आढळले. गोळी पुरेशी जाड ठेवली आणि वेग आवरला, तर त्याच नळ्या शिशाच्या गोळ्या समजूतदारपणे फेकतात. वंगणाचा भाग यानंतर येतो: मधमाश्यांचे मेण आणि ॲलॉक्स नावाचे वंगण समसमान घेऊन केलेले मिश्रण गोळीच्या खाचांत भरणे ही जुनी रीत, आणि गोळीवर भाजून बसवलेल्या रंगाच्या भुकटीचा थर ही नवी. गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी लावण्याची युक्ती वेगवान बारांसाठी आहे. हलक्या बाराला ती लागत नाही, पैसे वाचवावेत.

लेव्हर ॲक्शन रायफलीच्या आपल्या काही अटी आहेत आणि त्या हलक्या बारालाही सोडत नाहीत. तिची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळकांड्यात एकामागे एक झोपलेली असतात. प्रत्येक गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडाला, म्हणजे थेट प्रायमरला टेकते. टोकदार गोळी तिथे फायरिंग पिनचे काम करील आणि धक्क्यासरशी नळकांड्यातच बार होईल. म्हणून साचा निवडतानाच चपट्या नाकाच्या गोळीचा घ्यावा लागतो. नळकांड्यातली स्प्रिंग काडतुसांना सतत रेटत असते, तेव्हा पुंगळीचे तोंड गोळीवर आवळून बसवले नाही तर गोळी आत सरकते. काडतुसाची एकूण लांबीही मनाला येईल तशी ठेवता येत नाही. त्याला उचलून नळीसमोर आणणारा पाळणा ठरावीक मापाचा असतो. विंचेस्टरच्या १८७३च्या मॉडेलमधला पितळी ठोकळा तर इतका चोखंदळ की आखूड काडतूस भरले तर पुढच्या काडतुसाचे बूड आत डोकावते आणि यंत्रणा जाम होते. मग येतो चरांचा पीळ. थर्टी-थर्टीच्या नळीत गोळी बारा इंचांत एक फेरा घेते, त्यामुळे ती संथ असली तरी पुरेशी फिरते. मार्लिनच्या जुन्या ४४ मॅग्नम १८९४ मॉडेलमध्ये मात्र एका फेऱ्याला ३८ इंच लागतात. या रायफलीत लांब, जड गोळी कमी वेगाने सोडली की तिला पुरेशी भिंगरी मिळत नाही आणि ती लक्ष्यावर आडवी आदळते, कागदावर किल्लीच्या भोकासारखी फट उमटते. पिस्तुलाची काडतुसे वापरणाऱ्या रायफलींत आणखी एक सापळा आहे. चार इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरमधून सुखरूप बाहेर पडणारा अतिहलका बार वीस इंची नळीत घासत घासत आतच अडकू शकतो.

बार उडाल्यावर पुंगळी जे सांगते तेही भारी बाराच्या सवयीने वाचले तर फसगत होते. पुंगळीच्या मानेवर काजळी दिसली की नवखा घाबरतो. ती फक्त एवढेच सांगते की कमी दाबामुळे पितळ फुगून नळीला चिकटले नाही आणि वायू थोडा मागे आला. प्रायमर बुडातून किंचित बाहेर आलेला दिसला की दाब फार झाला अशी शंका येते, कारण इतर बारांत प्रायमरकडे पाहूनच दाबाचा अंदाज बांधतात. थर्टी-थर्टीत अनेकदा उलटे असते. प्रायमर स्फोटाने मागे सरकतो, आणि पूर्ण दाबाचा बार असेल तर पाठोपाठ पुंगळीही मागे रेटली जाऊन तो पुन्हा जागेवर बसतो. हलक्या बारात पुंगळी मागे यायला जोरच नसतो, म्हणून प्रायमर बाहेर राहतो. एकच खूण, पण अर्थ विरुद्ध.

एवढा खटाटोप करून नेम तरी लागतो का, असे कोणी विचारील. संथ गोळी म्हणजे ढिसाळ गोळी, हाही एक समज आहे. १९०१ साली कोलोरॅडोतले नेमबाज चार्ल्स रोलंड यांनी नळ्या घडवणाऱ्या हॅरी पोप यांच्या हातच्या नळीतून, आजच्या मानाने संथ अशा शिशाच्या दहा गोळ्या २०० यार्डांवर टाकल्या, आणि त्या दहांमधले कमाल अंतर पाऊण इंचाच्या आत होते. पुरावा आजचाही आहे, आणि आपल्या घरचा आहे. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारातल्या .२२ काडतुसाची गोळी उघड्या शिशाची, वंगण लावलेली, जेमतेम अडीच ग्रॅमची आणि मुद्दाम ध्वनीच्या वेगाच्या आसपासच ठेवलेली असते. तिच्याकडून अपेक्षा काय, तर १०.४ मिलिमीटर व्यासाचे दहा गुणांचे वर्तुळ पन्नास मीटरवरून गाठणे. संथ शिसे नेमके जात नसते तर हा खेळच उरला नसता. संथ गोळी खाली जास्त येते हे मात्र खरे. शंभर मीटरपर्यंत पूर्ण ताकदीची गोळी नळीच्या रेषेखाली तेरा-चौदा सेंटीमीटर उतरते, तर हलक्या बाराची जवळजवळ अर्धा मीटर. दर्शनी पट्टी वर सरकवून ते साधते. पन्नास मीटरपलीकडे डबे मांडायचेच नाहीत, हे त्याहून सोपे.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. .२२ची रायफल स्वस्त, तिची काडतुसे तयार मिळतात, त्यात दुहेरी मापाची भीती नाही, मग हा उपद्व्याप कशाला? सरावासाठी, हे त्याचे उत्तर. ज्या रायफलीने शिकार करायची तिची कडी, तिचा चाप, तिचे वजन आणि तिची माशी हातात मुरायला हवी, आणि ते दुसऱ्या रायफलीवर मुरत नाही. अमेरिकी सैन्यालाही हे कळले होते. क्रॅग आणि १९०३ची स्प्रिंगफील्ड या रायफलींसाठी सैन्याने बंदिस्त जागेतल्या सरावाकरिता शिशाच्या गोळीची हलकी काडतुसे काढली होती. ‘आयडियल’ कंपनी तर १८८४पासून घरी काडतुसे भरण्याची अवजारे आणि त्यांची माहितीपुस्तके विकत आली, आणि १९२५मध्ये ती लायमन कंपनीकडे गेल्यावरही तो धंदा चालूच राहिला. काउबॉय पोशाखात जुन्या बंदुकांनी स्पर्धा खेळणाऱ्या सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटीच्या मुख्य स्पर्धांत रायफलीला शिशाच्याच गोळ्या चालतात आणि वेग सेकंदाला १,४०० फुटांच्या आत ठेवावा लागतो. तिथे हलका बार हा नियमच आहे. खर्चाचा हिशेबही करून पाहावा. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात. तीस ग्रेनच्या भारी बारांना ते २३३ वेळा पुरतात, एक-तृतीयांश मापाच्या हलक्या बारांना सातशे वेळा. कमी दाबाला पितळही थकत नाही, एकच पुंगळी कितीतरी वेळा भरता येते. तरीही अवजारांची किंमत आणि खर्ची पडणारे तास धरले तर .२२ हीच स्वस्त पडते, हे मान्य करायला हवे. पैशासाठी या वाटेला जाणाऱ्याने हिशेब नीट केलेला नसतो.

आणि शिशाचे विष? ही हरकत झटकून टाकण्यासारखी नाही. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, ओतताना ते पावणेचारशे-चारशे अंशांवर असते. या तापमानाला त्याची वाफ फारशी होत नाही, म्हणून केवळ धुराची भीती बाळगणारा माणूस चुकीच्या दाराशी पहारा देतो. विष पोटात जाते ते हातांवाटे: वितळलेल्या धातूवरची राखेसारखी साय, टेबलावरची धूळ, प्रायमरच्या धुरातले शिसे, आणि मग न धुतलेल्या हाताने खाल्लेला घास. स्वयंपाकघरात शिसे वितळवणे हा शुद्ध अविचार आहे, मग खिडकी कितीही उघडी असो. लहान मुलांना शिसे अत्यल्प प्रमाणातही बाधते, त्यामुळे या कामाचे कपडेदेखील घरातल्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. तापलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तर क्षणात त्याची वाफ होते आणि कढल्यातले शिसे चहूकडे उडते, म्हणून ओला तुकडा भांड्यात कधीच टाकायचा नाही. पर्यावरणाचा प्रश्न वेगळा आहे. शिशाच्या गोळ्यांचे तुकडे असलेले मांस खाऊन कॅलिफोर्नियातली काँडोर गिधाडे मरत होती, तेव्हा त्या राज्याने १ जुलै २०१९पासून शिकारीत शिशाच्या दारूगोळ्यावर पूर्ण बंदी घातली. लक्ष्यावरची नेमबाजी त्या बंदीत येत नाही, पण ओढ्याकाठी डबे मांडून शिसे मातीत सोडून येणाऱ्याला त्यामुळे मोकळीक मिळाली असे मी मानत नाही. मातीचा उंच बांध असलेल्या ठरलेल्या जागीच बार टाकले तर ते शिसे चाळून परत काढता येते आणि पुन्हा ओतताही येते. बांधाचा दुसरा उपयोग आणखी मोठा. आवाज मऊ आणि धक्का नगण्य असल्यामुळे हलका बार निरुपद्रवी वाटू लागतो. .२२ची अडीच ग्रॅमची गोळी मैलभर जाऊ शकते, आणि या बाराची गोळी तिच्या जवळजवळ चौपट वजनाची आहे.

भारतात हा छंद असा घरी करता येत नाही. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे गुन्हा आहे, आणि त्यात हलका बार की भारी हा भेद नाही. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो; राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत, ते आधी पाहावेत. टेक्सास-ॲरिझोनाकडे स्थायिक झालेल्या ज्या मराठी वाचकांना यात रस वाटेल त्यांना सांगणे एवढेच, की नुसते डबे पाडायचे असतील तर .२२ घ्या आणि सुखात राहा. लेव्हर ॲक्शन रायफल घरात असेल आणि हे काम मन लावून करण्याची तयारी असेल, तर पहिली खरेदी साच्याची करू नका. दोन वेगवेगळ्या प्रकाशकांच्या ताज्या आवृत्तीच्या भरण पुस्तिका आणि एक चांगला वजनकाटा आधी घ्या. दारूचे माप त्या पुस्तिकांतूनच घ्यायचे असते. या लेखातले ग्रेनचे आकडे नाव आणि खर्च समजावण्यापुरते आहेत; भरण्याचे माप म्हणूनच एकही दिलेले नाही.